बिनकारणाची बस

ताराबाई आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या बसमध्ये बसल्या तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

झालं असं, की जानेवारीतल्या एका सकाळी डोळे दाखवायला त्या आदिलाबादला निघाल्या. त्यांचं गाव टाकळी, बेल्यापासून चालत पाऊण तासावर. एरवी त्यांचा मुलगा नागसेन त्यांना आपल्या ऑटोतून नेत असे. बेला ते आदिलाबाद हाच त्याच्या धंद्याचा रस्ता होता. पण त्या दिवशी ऑटो गॅरेजात होता, आणि सून प्रीती म्हणाली, "आई, बसनं जा ना. आता बायांले तिकीटच नाई. आधार कार्ड दाखवा फक्त." राज्यातल्या बायांना सरकारी बस फुकट होऊन तेव्हा महिना-दीड महिना झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकले आणि दुपारपर्यंत धूसर दिसेल म्हणून सांगितलं. ताराबाई बाहेर आल्या तर सगळं शहर दुधात बुडवून काढल्यासारखं झालेलं. माणसांना कडा नव्हत्या. उन्हाचे मोठमोठे गोळे रस्त्यावरून सरकत होते आणि त्यांतले काही जवळ आल्यावर मोटारसायकली निघत. त्या चाचपडत बसस्टँडवर पोचल्या. पाट्या तेलुगूतल्या, चांगल्या डोळ्यांनाही त्यांना न लागणाऱ्या. पुढं चार बाया एका बसमध्ये चढल्या, त्यांच्यामागं ताराबाईही चढल्या. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आली तेव्हा शेजारच्या बाईनं दोघींचं मिळून काहीतरी सांगितलं, ताराबाईंनी कार्ड पुढं केलं, एक कागदाचा तुकडा हातात आला. काच कोमट होती. त्यांनी कपाळ टेकवलं आणि त्यांना झोप लागली.

जाग आली ती ट्रकच्या हॉर्ननं. बस थांबली होती. बाहेर ट्रकच ट्रक, ढाबे, टायरची दुकानं, तळणाचा वास. हे बेला नव्हतं.

"इच्चोडा, अम्मा. दिगंडी," कंडक्टर म्हणाली, आणि ताराबाईंना कळेना म्हणून तिनं हातानं उतरायची खूण केली.

ताराबाई घाबरल्या. ही भीती फार जुनी होती. चुकीची बस म्हणजे दुप्पट तिकीट, बुडालेला दिवस आणि घरी गेल्यावर ऐकावे लागणारे शब्द. लहानपणी एकदा त्यांची आई जैनथच्या बाजाराहून येताना अशी चुकली होती आणि त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. ताराबाईंनी कंबरेची पिशवी घट्ट धरली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत आपलं गाव सांगितलं.

कंडक्टर हसली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर भाग्यलक्ष्मी असं नाव होतं, हे ताराबाईंना पुढं ओळख झाल्यावर कळलं. "काय नाई अम्मा," ती अडखळत मराठीत म्हणाली. "परत जा. ते पण फ्री. किती चुकलं तरी फ्री."

बस निघून गेली. ताराबाई स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या. आदिलाबादची बस अर्ध्या तासात आली, पण त्या उठल्या नाहीत. आपण का उठत नाही हे त्यांनाही कळत नव्हतं. दिसायला हळूहळू स्पष्ट होऊ लागलं होतं. ट्रकांच्या मागं रंगवलेली कमळं, मोर, कुणा पोरीचा चेहरा एकेक करून धुक्यातून वर येत होते. एवढ्या आयुष्यात त्या कुठंतरी आहेत आणि तिथं त्यांना काहीच काम नाही, असं कधी झालं नव्हतं. शेतात निंदण, वेचणी, विहिरीवर पाणी, दवाखान्यात आजार, लग्नघरी भाकरी. प्रत्येक जागेला काम होतं. इचोड्याला नव्हतं. त्या बाकावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी एक हात बाकाच्या कडेला धरून ठेवला.

शेजारी दोन बाया बोलत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मी मांडव्याच्या फाट्यावर उतरते."

मांडवा. ताराबाईंच्या कानात ते नाव बराच वेळ राहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की रेणुका मांडव्याला दिली होती.

*

रेणुका पांडुरंगरावांची मुलगी. ताराची आई त्यांच्या शेतात कामाला जायची आणि तारा आईबरोबर. पांडुरंगराव काही मोठे असामी नव्हते, बारा एकरांचे कास्तकार. वेचणीच्या दिवसांत घरची पोरगीही ओटी बांधून कापसाच्या पऱ्हाटीत उतरायची. दोघी एकाच वयाच्या, शेजारशेजारच्या ओळी धरायच्या आणि मोठ्या बायांच्या पुढं निघून जायच्या. शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर, पाणी प्यायची वेळ आली की रेणुका माठातून घ्यायची आणि ताराच्या ओंजळीत वरून धार धरायची. ते तसंच असायचं तेव्हा. पण एकदा भर उन्हात, कुणी बघत नाही असं पाहून, रेणुकानं तांब्याच ताराच्या हातात दिला होता. दोघी त्याबद्दल कधीच काही बोलल्या नाहीत.

अठराव्या वर्षी रेणुकाचं लग्न झालं. इचोड्याच्या पुढं, मांडव्याला. ट्रकमध्ये बसून ती गेली. टाकळी ते मांडवा अंतर ऐंशी किलोमीटर. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत तारा तिला भेटली नाही.

भांडण नव्हतं की काही नव्हतं. ताराबाईंना वाट माहीत होती आणि बसही रोज होती. पण आदिलाबादला जाऊन यायचं तिकीट म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत वेचलेल्या कापसाची मजुरी, आणि मांडव्याचं म्हणजे पूर्ण दिवसाची. वर तो दिवस कामावर नसल्याचा दुसरा दिवस. एका भेटीला दोन दिवस. नवरा धोंडीबा सालगडी होता, घरात दोन पोरं शिकत होती. दोन दिवस कुठून आणायचे? पोरं नोकरीधंद्याला लागली तोवर रेणुका आठवणीतून अशी आत गेली होती, की तिला भेटायला जाता येतं हेच ताराबाई विसरून गेल्या. धोंडीबा जाऊनही आता आठ वर्षं झाली होती.

त्या दिवशी इचोड्याहून परतून त्या संध्याकाळच्या आत घरी पोचल्या. "लय वेळ लागला दवाखान्यात?" प्रीतीनं विचारलं. "हो," ताराबाई म्हणाल्या. इचोड्याचं त्यांनी सांगितलं नाही.

*

न सांगण्याला कारण होतं. नागसेनचा ऑटो रिकामा जाऊ लागला होता.

नागसेननं दहा वर्षं तो रस्ता राखला होता. बेल्याच्या चौकात ऑटो लावायचा, सीट भरल्या की निघायचं. त्याच्या सीटवर बहुतेक बाया असत. आठवडी बाजाराला जाणाऱ्या, माहेरी जाणाऱ्या, लेकराला दवाखान्यात नेणाऱ्या. त्या सगळ्या बसकडे वळल्या. नागसेन चौकात उभा राहायचा आणि त्याच्याच गिऱ्हाईक बाया त्याच्यासमोरून, मान जरा वळवून, बसकडे जायच्या. घरी तो जेवताना फक्त पाणी जास्त प्यायचा.

ताराबाईंना ते दिसत होतं. आणि तरीही आठ दिवसांनी त्या पुन्हा निघाल्या. डोळ्यांचे थेंब संपले, असं त्यांनी घरी सांगितलं. पुढच्या खेपेला पेन्शनचं अंगठ्याचं काम निघालं. तिसऱ्या वेळी त्या काहीच न सांगता, चौक टाळून, शाळेच्या मागच्या पांदणीनं बेल्याच्या स्टँडवर गेल्या.

त्या वाटेत कुठं उतरत नसत. आदिलाबादपर्यंत जायच्या, कधी इचोड्यापर्यंत, आणि परत यायच्या. मांडव्याच्या फाट्यापर्यंत जायचं धाडस झालं नाही. रेणुका आहे की नाही, असली तर ओळखेल की नाही, तिच्या घरच्यांना आपण दारात आलेलं चालेल की नाही, असे विचार इचोड्याला आले की त्या परतीची बस धरायच्या. पण बसमध्ये बसणं त्यांना पुरत होतं. गावोगाव थांबणारी ती बस सकाळच्या धुक्यातून जायची आणि ताराबाईंना वाटायचं, की बस जागच्या जागी उभी आहे आणि जमीनच मागं चालली आहे. पऱ्हाटी उपटलेली शेतं, तुरीच्या पेंढ्या, सागाची उघडी झाडं, एखाद्या विहिरीवरची लाल साडी. ज्या रानात वाकून त्यांचा जन्म गेला ते रान सरळ बसून कसं दिसतं, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. कधी डोळा लागायचा आणि झोपेत त्या पुन्हा पंधरा वर्षांच्या व्हायच्या. जाग आली की समोरच्या सीटवर एखादी पंधरा वर्षांची पोरगी कॉलेजचं दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची, आणि झोप कुठं संपली ते त्यांना कळायचं नाही.

भाग्यलक्ष्मी आता त्यांना ओळखू लागली होती. "एक्कडिकि अम्मा, आज कुठं?" ती विचारायची.

"जिथवर जाते तिथवर," ताराबाई सांगायच्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बस जैनथच्या अलीकडे आली. पुढं एक पिवळा ऑटो चालला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ऑटोनं वाट दिली आणि बस त्याच्या बरोबरीनं पुढं सरकू लागली. ताराबाईंची खिडकी त्याच बाजूला होती. ऑटोच्या मागच्या सीटवर कुणी नव्हतं. पुढं हँडल धरून नागसेन बसला होता, गळ्याला मफलर, तोंड पुढं. बस इतक्या सावकाश पुढं जात होती की ताराबाईंना त्याच्या कानावरचे पिकलेले केस दिसले. आपल्या मुलाचे केस पिकलेत हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्यानं वर बघितलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्याचा चेहरा रागावला नाही. बस निघून गेली तसा तो फक्त लहान होत गेला.

*

घरी बोलणं निघालं रविवारी, दीक्षा आली तेव्हा.

दीक्षा ताराबाईंची धाकटी. आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. सगळे अंगणात जेवायला बसले होते. दीक्षा सहज सांगू लागली, की तिच्या वर्गात या वर्षी मुलींची हजेरी वाढली आहे. ज्या पोरी आठवड्यातून तीन दिवस यायच्या त्या रोज येतात. एक पोरगी तर रोज दोन बस बदलून येते.

"बरं झालं," नागसेन म्हणाला. "पण कोणीतरी भरूनच राह्यलं नं त्याचे पैसे. फुकट काही नसते. तूच शिकवत असशीन."

"शिकवते. सगळेच भरतात, कराच्या रूपानं. आणि रस्त्यावर लोक जास्त निघाले की दुकान चालते, काम मिळते, वाढ होते. एका जागी बसलेला माणूस काय कमावते, दादा?"

"सगळे भरतात, बरोबर. पण सगळे थोडं थोडं भरतात, अन् मी एकटा मोठं भरून राह्यलो. तुह्या पुस्तकात बसमध्ये चढलेल्या बाया असतीन. त्याहिनं रिकाम्या केलेल्या ऑटोत जो बसला हाये, तो कोणत्या पानावर रायते?"

दीक्षानं हातातला घास ताटात ठेवला. ती म्हणाली, "पानावर रायते, दादा. पण एका ओळीतच रायते. मी पोरींना ती ओळ वाचून दाखवते अन् पुढं जाते. तू म्हणतो ते खरं हाये."

"मी बसच्या विरोधात नाई," नागसेन म्हणाला. त्यानं पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "बायांनी फिरावं. माह्या मायनं बी फिरावं. फक्त चौकातून जाय, माय. पांदणीनं काऊन जातं? तिथं साप रायतात."

ताराबाईंना ताटातलं दिसेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मी नाई जात आता."

"पण तू जातं कुठं?" दीक्षानं विचारलं. "कोणाकडं?"

मग ताराबाईंनी सगळं सांगितलं. चुकलेली बस, इचोड्याचा बाक, मांडवा, रेणुका. तांब्याचंही सांगितलं, ते त्यांनी धोंडीबालाही कधी सांगितलं नव्हतं. तिघं ऐकत होते. कोंबड्या ताटांजवळ आल्या तरी कुणी हाकललं नाही. ऐंशी किलोमीटर, नागसेन मध्येच म्हणाला, जणू तो रस्ता त्याला नव्यानं कळत होता.

तीन आठवडे ताराबाई कुठंच गेल्या नाहीत. मग मार्चच्या सुरुवातीला एके सकाळी त्यानं ऑटो दारात आणून लावला आणि हाक मारली, "माय, चाल. बेल्याच्या स्टँडवर सोडून देतो. सातची बस भेटते."

"काऊन?"

"मांडव्याले जाय म्हणतो. प्रीतीनं भाकरी बांधल्या."

मागच्या सीटवर त्या एकट्याच बसल्या. चौकातून जाताना नागसेननं ऑटो हळू केला, आणि तिथं उभे असलेले दुसरे ऑटोवाले बघत असताना, बसच्या पायरीशी नेऊन आईला उतरवलं.

*

मांडव्याच्या फाट्यावर ताराबाईंबरोबर सात-आठ बाया उतरल्या. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर लेकरू. बस गेली आणि रस्ता एकदम शांत झाला. फाट्यापासून मांडवा पाच किलोमीटर आत. कुठलीच गाडी नव्हती. बाया पळसाच्या सावलीत बसल्या. पळस असा फुलला होता की त्याच्याखाली सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते. अर्ध्या तासानं एक ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीत काहीजणी चढल्या. ताराबाई उरलेल्यांबरोबर चालत निघाल्या. वाटेत त्यांनी विचारून घेतलं, की उत्तमरावांची बायको रेणुकाबाई आहे का. "हाये नं," एकजण म्हणाली. "गुडघे गेले, पण हाये."

घर मोठं होतं. स्लॅबचं, पुढं ट्रॅक्टर, सोयाबीनची पोती. ओट्यावर एक जाड बाई पाय लांब करून तुरीच्या दाण्यातले खडे वेचत बसली होती. ताराबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. पायरी चढावी की नाही, हे पायांनी अजून ठरवलं नव्हतं.

त्या बाईनं मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"तारे," ती म्हणाली, "पुढच्या ओळीत गेली होतं का काय? केवढा वेळ."

मग ती उठू लागली आणि गुडघ्यांमुळे उठता येईना, तशी ताराबाई पायरी चढून गेल्या आणि तिच्याजवळ बसल्या. सुनेनं पाणी आणलं. दोन सारखे स्टीलचे पेले होते. रेणुकाबाईंनी आपला पेला ताराबाईंच्या हातात दिला आणि त्यांचा आपण घेतला.

दुपारभर दोघी तूर निवडत बसल्या. सगळं एकदम सांगायचं होतं म्हणून काहीच धड सांगितलं जात नव्हतं. कोण गेलं, कोण आहे, पांडुरंगरावांची शेती कुणी घेतली, विहीर बुजली का. ताराबाईंनी न येण्याचं कारण सांगितलं. एका भेटीला दोन दिवस लागायचे, ते दोन दिवस कधी शिल्लकच राहिले नाहीत. सांगताना त्यांना थोडी लाज वाटली. एवढं मोठं घर, आणि इथून ती कधी आली नाही, हेही मनात होतंच.

रेणुकाबाईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी सुपातले दाणे हातानं पसरले.

"मले काय कमी होतं? कपाटात पैसे होते. पण ते मागावे लागत. मागतले की विचारत, कशाले? माहेरी लग्न हाये, मयत हाये, हे चालत होतं. ताराले भेटाले जायचं हाये, हे कसं सांगू? ती कोण, म्हणतीन. तिच्याशी काय काम, म्हणतीन. मी कारण शोधत राह्यली. एकदा सापडलं होतं, तर तवाच सासू आजारी पडली." त्या हसल्या. "तुह्याजवळ पैसे नव्हते, माह्याजवळ कारण नव्हतं. घरी दोघी बी बसल्या."

"आता तं बस फुकट हाये."

"हो. पण मी बसली नाई अजून एकदा बी. कशाले जाऊ, असं वाटते. कारण सांगायची सवय पडली नं."

"मी महिनाभर फिरली," ताराबाई म्हणाल्या. "एक बी कारण नाई."

रेणुकाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्या पाण्यावरून चालून आल्या होत्या.

साडेतीनला ताराबाई निघाल्या. रेणुकाबाईंच्या मुलानं, सुधाकररावानं, फाट्यापर्यंत मोटारीनं सोडतो म्हटलं. रेणुकाबाई म्हणाल्या, मी पण येते सोडायला. फाट्यावर दोघी उतरल्या. मुलगा गाडी वळवून उभा राहिला. आदिलाबादची बस आली, ताराबाई चढल्या, आणि मागं वळून बघतात तर रेणुकाबाई दांडा धरून दुसरा पाय पायरीवर ओढत होत्या.

"आई?" सुधाकरराव गाडीच्या खिडकीतून म्हणाला. "कुठं चालली?"

रेणुकाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. बहुतेक कारण शोधत असाव्यात. मग म्हणाल्या, "इचोड्यापर्यंत जाऊन येते. तू जाय घरी."

कार्ड त्यांच्याजवळ नव्हतं. कंडक्टर कुरकुरली. ताराबाईंनी त्यांचं तिकीट काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण कुणाला तरी फिरायला नेतो आहोत.

*

त्या संध्याकाळी ताराबाईंनी नागसेनला मांडव्याच्या फाट्याबद्दल सांगितलं. बस बायांना सडकेवर सोडते आणि पुढचं अंतर त्या ऊन डोक्यावर घेऊन चालतात. आपल्याकडंही तीन फाटे असेच आहेत, त्या म्हणाल्या. तू बससोबत काऊन पळतं, बस जिथं सोडते तिथून बायांले घेत जाय नं.

नागसेन म्हणाला, "आतल्या गावाच्या बाया पाच किलोमीटरले पैसे देतीन? चालायची सवय हाये त्याहिले."

"मी चालली," ताराबाई म्हणाल्या. "असता ऑटो तं मी बसली असती."

त्याला पटलं नाही. पण उन्हाळा तापला तसा तो बेल्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर उभा राहून बघू लागला. पहिले आठ दिवस कुणी आलं नाही. नवव्या दिवशी एक बाळंतीण आली, मग तिची सासू, मग बाजाराच्या दिवशी सहा जणी. पूर्वीसारखं चालत नाही, असं तो आजही सांगतो. पाऊसपाण्यात आतला रस्ता चिखलाचा होतो आणि मग दिवसदिवस ऑटो उभा राहतो. बायको शाळेत पोषण आहाराच्या कामाला लागली नसती तर त्यानं ऑटो विकलाच असता. दीक्षानं एकदा त्याला वर्गात येऊन पोरींशी बोल म्हणून विचारलं. तो म्हणाला, मी काय बोलू. पण गेला. तासभर बोलला, आणि पोरींनी त्याला इतके प्रश्न विचारले की दोन फेऱ्या बुडाल्या.

ताराबाई आणि रेणुकाबाई आता महिन्यातून दोनदा इचोड्याला भेटतात. रेणुकाबाई आपलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवतात. बाकावर बसून भाकरी खातात, मग कधी कधी येईल त्या बसमध्ये बसतात.

मागच्या खेपेला त्या घाटापलीकडच्या निर्मळपर्यंत गेल्या. घाटात बस वळणं घेऊ लागली तशी रेणुकाबाईंनी ताराबाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही. दोन्ही बाजूंना साग, खाली खोल दरी, तिच्यात ऊन साचलेलं. बसमधल्या बाया झोपल्या होत्या. निर्मळला उतरल्यावर इथं काय बघायचं असतं हे दोघींनाही माहीत नव्हतं. एका तळ्याच्या काठाशी पायऱ्या होत्या, तिथं जाऊन बसल्या. रेणुकाबाईंनी चपला काढल्या, साडी जरा वर घेतली आणि सुजलेले पाय पाण्यात सोडले. ताराबाईंनीही सोडले. पाणी कोमट होतं. लहान मासे येऊन टाचांना लागत होते.

"हे मासे काय करून राह्यले?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"पाहून राह्यले, आपण कोण हाओ ते," ताराबाई म्हणाल्या.

दोघी पाय न हलवता बसून राहिल्या.